विलासाचें तळें आणि खालचें गांव

मालकी म्हणजे काय, असें विचारलें असतां वस्तूचा इच्छेस येईल तसा उपभोग घेण्याचा अधिकार, असें उत्तर आपण सहज देतों. बागेच्या किंवा वाड्याच्या बाबतींत तें खपून जातें. अडविलेल्या पाण्याच्या बाबतींत मात्र तें पुरें पडत नाहीं. कारण बांध धन्याच्या जमिनीवर असला, तरी त्याचें भय खालच्या वस्तीच्या वाट्यास येतें.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियांतील जॉन्सटाउन गांवाच्या वर, साउथ फोर्क येथें सुमारें ७० फूट उंचीचा मातीचा बांध होता. मूळचा तो सरकारी कालव्याकरितां बांधलेला. कालवा निरुपयोगी झाल्यावर तो खासगी हातीं गेला. १८७९ सालीं स्थापन झालेल्या एका धनिकांच्या मंडळानें त्याची डागडुजी करून मासेमारीसाठीं व नौकाविहारासाठीं सरोवर केलें. कार्नेगी, फ्रिक व मेलन हे त्याचे सभासद होते. तळाचे पाणी सोडण्याचे लोखंडी नळ पूर्वीच्या मालकानें काढून विकले होते. ते पुन्हां बसविले गेले नाहींत. गाडी जावी म्हणून बांधाचा माथा उतरविला, आणि मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावल्या. १८८० सालीं खालच्या लोखंडी कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनीं तपासणी करवून हे दोष कळविले, दुरुस्तीच्या खर्चांत वाटा देऊं केला. भिण्याचें कारण नाहीं, असें त्यांस उत्तर मिळालें. ३१ मे १८८९ रोजीं अतिवृष्टीनें बांध फुटला आणि २,२०९ माणसें प्राणांस मुकलीं. मंडळावर कोणत्याही न्यायालयांत जबाबदारी शाबीत झाली नाहीं.

पाऊस ईश्वरानें पाडला, हें खरें. पण नळ माणसानें काढले आणि जाळ्या माणसानें लावल्या. दैवाच्या पदरीं आपल्या हातचें कृत्य टाकणें हा न्याय नव्हे.

इंग्लंडांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें १८६८ सालीं, एका गिरणीवाल्याच्या तळ्याचें पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें त्या दाव्यांत, निष्काळजीपणा शाबीत न होतांही तळ्याच्या मालकास जबाबदार धरलें. उलट १८७४ सालीं कार्वेटनगरच्या जमीनदाराचीं तळीं फुटून मद्रास रेल्वेचें नुकसान झालें, तेव्हां प्रिव्ही कौन्सिलनें त्यास मुक्त केलें. हीं तळीं रयतेच्या शेतीकरितां होतीं, तीं राखणें हें त्याचें कर्तव्यच होतें, आणि त्यांत त्याची हयगय दिसली नाहीं.

या दोन निर्णयांत मला विसंगति दिसत नाहीं. ज्या पाण्यावर सर्वांचें पोट चालतें, त्याचा धोकाही सर्वांनीं थोडाथोडा सोसणें रास्त आहे. एकाची करमणूक व दुसऱ्याचा जीव, अशी वांटणी मात्र कोणत्याही न्यायानें समर्थनीय नाहीं. अर्थात् बुडणाऱ्यास पाणी भाताचें कीं माशांचें, याचें सोयरसुतक नसतें. म्हणून राखण्याची दक्षता दोहींकडे सारखीच हवी. फरक आहे तो क्षमा मागण्याच्या अधिकारांत.

कोणी म्हणेल, अशानें लहान मालकास हौसेचें तळें बाळगणेंच अशक्य होईल. ज्यास बांध दुरुस्त ठेवण्याची ऐपत नाहीं, त्यास तें खरोखरच अशक्य असावें. त्यानें बांध रीतसर उतरवून पाणी वाहूं द्यावें. त्यांत हौस जाईल, पण खालचें गांव राहील.