नामानाचे सेवक

शास्त्रपाठ : २ राजे ५:९-१४



सेनापती नामान कुष्ठरोगी होता. यार्देनेत सात वेळा स्नान करावे, म्हणजे तू शुद्ध होशील, असा निरोप अलीशाने त्याला पाठविला. उपाय देवाकडचा होता, तरीही नामान संतापून परत फिरला. संदेष्टा स्वतः बाहेर आला नाही, याचा त्याला राग आला. शिवाय दिमिष्काच्या नद्या त्याला अधिक चांगल्या वाटत होत्या. तेव्हा त्याचे सेवक जवळ गेले. त्याला बाप म्हणून हाक मारून त्यांनी समजूत घातली आणि तो नदीत उतरला. निरोपाने जे झाले नाही, ते विश्वासातल्या माणसांच्या शब्दाने झाले.

मे २०२१ मध्ये आपल्या उज्जैन जिल्ह्यातील मालीखेडी गावी कोरोनाच्या लसीकरणासाठी गेलेल्या पथकावर गावकऱ्यांनी हल्ला केला. त्याचे समर्थन कोणीच करणार नाही. परंतु लशीने माणूस मरतो, अशा अफवा त्या दिवसांत खेडोपाडी पसरल्या होत्या आणि लोक भ्याले होते. पथकाजवळ लस होती. गावाचा विश्वास मात्र नव्हता.

त्या लोकांना अडाणी म्हणून आपण मोकळे होऊ नये. त्याच सुमारास माझ्या फोनवर एक संदेश आला. स्तोत्र ९१ चा आधार देऊन त्यात म्हटले होते की, विश्वासणाऱ्याला लशीची गरज नाही. शहानिशा न करता मी तो मंडळीतील दहाबारा घरी पाठविला. सैतानानेही प्रभूपुढे हेच स्तोत्र ठेवले होते आणि देवाची परीक्षा पाहण्यास प्रभूने नकार दिला होता (मत्तय ४:५-७). हा धडा मी शब्बाथ शाळेत कितीदा तरी शिकविला होता!

पुढे माझे डोळे उघडले आणि मी एका वृद्ध भगिनीला लस घ्या म्हणून सांगावयास गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, तेव्हा खरे सांगितलेत की आता?"

मी खाली मान घातली व चूक कबूल केली. लस घेऊनही आजार होऊ शकतो, पण तो जिवावर बेतण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, हे जसे आहे तसे सांगितले. दोन दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला, "चला, केंद्रावर जाऊ."

बंधुभगिनींनो, खोटी साक्ष केवळ न्यायालयातच दिली जाते असे नाही. आपण एकमेकांचे अवयव आहोत, म्हणून खरे बोलावे, असे पौल शिकवितो (इफिस ४:२५). शिक्षकहो, वर्गातला तुमचा शब्द मुले घरी नेतात. ज्याची खात्री नाही ते पुढे पाठवू नका. चुकलात तर ज्यांना सांगितले त्यांच्याचपुढे कबूल करा. भ्यालेल्याची थट्टा करू नका; नामानाच्या सेवकांप्रमाणे जवळ जा.

हे प्रभो, आमच्या शब्दावर जे विसंबतात त्यांना आमच्यामुळे इजा न होवो. आमेन.