मानोहाचा प्रश्न



शास्ते ग्रंथाच्या १३ व्या अध्यायात मानोहा देवाला विनवितो की, होणाऱ्या मुलासाठी आम्ही काय करावे ते आम्हाला शिकव. देवदूत परत येतो, पण सांगतो ते आईविषयी! तिने मद्य घेऊ नये, अशुद्ध काही खाऊ नये. शमशोन तर अजून जन्मलाही नव्हता.

१९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी जवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळे सरासरी २.७ किलोची, दिसायला रोड, पण अंगात चरबी टिकून. ही ठेवण पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. कित्येक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे मात्र अंगाने भरलेली होती.

मुंबईला लागणारी कितीतरी भाजी आपल्या वाशीच्या मार्केटमधून जाते. तरी आपल्याच काही घरांत गरोदर सून सर्वांना वाढून मग उरलेसुरले खाते. बाळ गोरे व्हावे म्हणून तिला केशर आणतो आपण. तिच्या रक्ताची तपासणी मात्र पुढच्या महिन्यावर जाते.

मानोहाने ‘तिने काय करावे’ असे विचारले नाही, ‘आम्ही’ म्हटले. तेव्हा बापांनो, घरातली सिगारेट बंद करा, तो धूर पोटातल्या बाळालाही बाधतो. आणि आज मिस्सानंतर घरी जेवायला बसाल तेव्हा पहिले ताट तिचे वाढा.