पावसाआधीची पेरणी

फेब्रुवारी 2021 मध्ये करोना ओसरला असे सगळे म्हणत होते, आणि अमरावती-अकोल्याचे आकडे मात्र चढू लागले. 22 तारखेच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. महिनाभराने केंद्राने जाहीर केले, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूच्या काट्यावर 452 आणि 484 या दोन जागी एकत्र बदल दिसले आहेत. प्रतिपिंडे ज्या भागाला धरतात, त्यातल्याच या जागा. मग कालपर्यंत जगात नसलेल्या रूपाला ओळखणारे प्रतिपिंड शरीर आणते कुठून?

प्रश्न जुना आहे. 1900च्या सुमारास पॉल एर्लिश म्हणत होते, की पेशींवर हे पकडणारे हात आधीपासूनच असतात. पण लँडस्टायनरनी निसर्गात कधीच नसलेली रसायने प्राण्यांना टोचली, तर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली. कारखान्यात उद्या बनणाऱ्या रसायनासाठी हात आजच कसा असेल? म्हणून 1940 मध्ये पॉलिंगनी उलट मांडणी केली: प्रतिपिंड शत्रूच्या अंगावरच घडते, साच्यासारखे. कल्पना देखणी होती, पण चुकीची. दुसऱ्या खेपेला शरीर इतके लवकर आणि जोरात का उठते, हे तिला सांगता येईना.

1955 मध्ये येर्ने आणि 1957 मध्ये बर्नेट पुन्हा एर्लिशच्या वाटेवर आले. शरीर वऱ्हाडातल्या धूळपेरणीसारखे वागते: पाऊस कधी, किती, ठाऊक नसताना बी आधीच मातीत. प्रत्येक बी-पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बाळगते. जिचे जुळते, तीच वाढते.

पण हिशेब बसेना. माणसाची जनुके जेमतेम 20 हजार, प्रतिपिंडे मात्र अब्जावधी. 1976 मध्ये बाझेलला होझुमी आणि तोनेगावा यांनी उंदराच्या गर्भाचा आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या गाठीचा डीएनए एकाच विकराने कापून तुकडे शेजारी शेजारी ताडून पाहिले. गर्भात लांब असलेले जनुकाचे दोन भाग गाठीत एकत्र आले होते. म्हणजे पेशी स्वतःचा डीएनए कापते आणि नव्याने जोडते! आनुवंशिकता अक्षय ठेव आहे या समजुतीला याहून मोठा धक्का मला माहीत नाही. तोनेगावांना 1987 चे नोबेल मिळाले.

माणसाच्या प्रतिपिंडातल्या जड साखळीसाठी जनुकाचे सुमारे 40 व्ही, 23 डी आणि 6 जे नावाचे तुकडे आहेत. प्रत्येकातला एकेक उचलला, की साडेपाच हजार जुळण्या होतात. हलक्या साखळीच्या तीनेकशे जुळण्यांनी गुणले, की सतरा लाखांवर. शिवाय सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही आयत्या वेळी घातली जातात. खरी विविधता तिथेच उसळते.

निवड झालेल्या पेशी लसीकाग्रंथीत पुन्हा बदलतात, अधिक घट्ट पकडणाऱ्या टिकतात. या कामाला आठवडे लागतात, आणि लसीचा पुढचा डोस त्याच पेशींना पुन्हा उठवतो. म्हणून लेकराच्या लसीकरणाच्या कार्डावरची पुढची तारीख चुकवू नका.