खोटं झाकण

माणसानं खोटं बोलू नये, हे मला मान्य आहे. पण वस्तूच खोटं बोलली तर पाप कुणाचं?

वाढदिवसाला चिरंजिवांनी 'टू-इन-वन' आणला. थेट १९८० सालातला वाटावा असा! वर धरायला दांडी, दोन बाजूंना दोन स्पीकर, मधे कॅसेटचं झाकण. मी हरखून झाकण उघडायला गेलो. उघडेना.

"बाबा, ते नुसतं शोभेचं आहे. गाणी फोनवरून, नाहीतर पेनड्राइव्हवरून."

"म्हणजे फसवणूकच की!" मी गरजलो. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली. ६० मिनिटांची असली तर अर्ध्या तासानं उठून उलटी करायची, फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची. त्या तपश्चर्येचं हे सोंग?

"आणि कलप कोण लावतं?" ही आतून म्हणाली.

मी गप्प. पण टोचलं ते वेगळंच. कपाटात एक कॅसेट आहे. तीत माझी आई याच चिरंजिवांना गोष्ट सांगते आहे. मधेच कुकरची शिट्टी होते. ती वाजवणारा खरा टू-इन-वन 'जागा अडते' म्हणून मीच भंगारवाल्याला चाळीस रुपयांत दिला होता. आता खऱ्याची बाजू मी कुठल्या तोंडानं घ्यावी?

उद्या चिरंजीव ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणणार आहेत. मग त्या खोट्या झाकणाआडून आई बोलेल. तेव्हा 'हे खोटं' म्हणायची माझी छाती होईल?