आभार आपले, किंमत कोणाची?



वर्ष सरत आले की आपण वर्षभरात मिळालेल्या देणग्या आठवतो. पीकपाणी, मुलांचे शिक्षण, मोठ्या दुखण्यातून उठलेले घरातले माणूस. रानातले प्राणी सहसा या यादीत येत नाहीत. परंतु त्यांच्याविषयीही आनंदाच्या वार्ता आहेत. भारतात २००६ साली वाघांची अंदाजे संख्या १,४११ होती. २०२२ च्या गणनेत ती ३,६८२ झाली. समुद्रातील हिरवे कासव आता जगातून नामशेष होण्याचा धोका टळला आहे, असे २०२५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले.

आपल्या जवळचे उदाहरण काळविटाचे. शिकारीमुळे आणि माळराने नांगराखाली गेल्यामुळे ते फार कमी झाले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले. १९८० साली, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, रेहेकुरी येथे त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज मराठवाड्याच्या शिवारातही हरणांचे कळप दिसतात.

याबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत का? अवश्य मानावेत. पण ज्याचे शेत माळाला लागून आहे, त्याला हे सांगताना आपली जीभ अडखळते. उगवून आलेले सोयाबीन आणि कोवळा हरभरा कळप एका रात्रीत खाऊन जातो. ऐन थंडीत तो रात्र रात्र राखणीला बसतो. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीने तर मराठवाड्यात हातातोंडाशी आलेले पीक नेले. अशा माणसाला, "भाऊ, हरणे वाढली, देवाचे आभार मान," असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

सेनेका हा रोमन तत्त्ववेत्ता सांगतो की देणगीचे मोल वस्तूत नसते, देणाऱ्याच्या मनात असते. संत थॉमस अक्वायनस यांनीही कृतज्ञतेचा विचार करताना हेच सूत्र धरले आहे. या मापाने पाहिले तर हरणाने खाल्लेले पीक ही शेतकऱ्याने दिलेली देणगी नव्हे. त्याने ते दिले नाही, त्याच्याकडून ते गेले. हरणाचाही यात दोष नाही. त्याचा माळ आपणच नांगरला. मग होते असे की आनंद सर्वांचा आणि खर्च एकाचा. चंद्रपूर जिल्ह्यात तर वाघांच्या हल्ल्यांत माणसे जिवाला मुकली आहेत.

कोणी म्हणेल, सृष्टी देवाची आहे, तेव्हा मुक्या प्राण्यांचा वाटा निघणारच. हे खरे आहे. जुन्या करारात, निर्गमाच्या पुस्तकात, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खावे आणि उरलेले रानातल्या प्राण्यांनी. मात्र ही आज्ञा एकट्या माळाकडेच्या शेतकऱ्याला नव्हती, सगळ्या लोकांना होती. प्राण्यांचा वाटा सर्वांनी मिळून काढायचा होता. आपण तो एकाच्या ताटातून काढतो आणि आभार मात्र सर्वांच्या वतीने मानतो.

म्हणून आम्हांला वाटते, दुसऱ्याच्या खर्चाने झालेल्या आनंदाबद्दल नुसते आभार पुरत नाहीत. तिथे कृतज्ञता हे देणे होते, आणि देणे फेडावे लागते. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या तारेने हरीण मरते, तसा शेजाऱ्याचा मुलगाही मरतो. पण पिकाचे नुकसान झाले की वनखात्याकडे भरपाई मागता येते. त्यासाठी वेळेत अर्ज आणि पंचनामा लागतो. आपल्यातले जे लिहिते-वाचते आहेत, त्यांनी शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, त्याच्याबरोबर कचेरीत जावे. जमेल त्याने राखणीची एक रात्र वाटून घ्यावी.

३१ डिसेंबरच्या रात्री आपण उपकारस्तुतीसाठी एकत्र जमू. वाघ, कासव आणि काळवीट यांच्यासाठी जरूर प्रार्थना करू. पण त्या वेळी आपल्यातला कोणी शेतात शेकोटीपाशी जागत असेल, तर त्याच्या बदली कोण जाणार, हे आधीच्या रविवारी ठरवून ठेवू या.