न घडलेला बिघाड

लखनौच्या चारबागमध्ये 1867 पासून उभी असलेली रेल्वे कार्यशाळा इंजिन बंद पडण्याची वाट पाहत नाही. मुदत भरली की चालते इंजिनही खोलले जाते. जुन्या मोटारीच्या मालकाला हा निर्णय एकट्याने घ्यावा लागतो, आणि पैशापेक्षा पुराव्याचा प्रश्न त्याला अधिक अडवतो. टायमिंग बेल्ट तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तो वेळेवर बदलला तर टळलेले संकट कुणालाच दिसत नाही. मग न घडलेल्या गोष्टीला फळ मानायचे का? मानावे, असे माझे मत आहे. वैशेषिक दर्शनाच्या उत्तरकालीन आचार्यांनी अभावालाही पदार्थ, म्हणजे वास्तवाचा एक स्वतंत्र प्रकार, मानले. उत्पत्तीपूर्वीचा अभाव, म्हणजे प्रागभाव, अनादि असला तरी त्याला अंत आहे. बिघाडाचा प्रागभाव टिकवून धरणे हे पूर्ण अर्थाने कर्म आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील साधनपादातही अजून न आलेले दुःखच टाळण्याजोगे ठरते.

यावर अनुभवी मिस्त्रींचा आक्षेप वजनदार आहे: चालत्या इंजिनाला हात लावू नये. दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी ब्रिटिश विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरावीक तपासणीनंतर लगेच बिघाड वाढलेले आढळले. हे मान्यच केले पाहिजे. त्याने हस्तक्षेपाला मर्यादा पडते; लक्ष देण्याचे कर्तव्य उरतेच. ऑइलच्या नमुन्यात लोखंड किंवा तांबे वाढले, तर इंजिन न खोलताही आतली झीज कळते. रबरी पट्टा अशी सूचना देईलच याचा भरवसा नाही, म्हणून तो मुदतीवर बदलावा. जे व्हायचे ते होणारच, असे कुणी म्हणेल. पण प्रारब्ध मानले तरी मुदत ठाऊक असलेला मालक अजाण ठरत नाही, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांना ती ठाऊक नसते.