अल्लाह ऐकतो, तरीही लिहून ठेवा

सर्व प्रशंसा अल्लाहसाठीच आहे, जो आकाश आणि पृथ्वीतील प्रत्येक वस्तूचा खरा मालक आहे. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर, ज्यांना नबूवतीपूर्वीही मक्केचे लोक ‘अमीन’ म्हणून ओळखत होते आणि आपल्या ठेवी निर्धास्तपणे त्यांच्या हाती सोपवीत होते.

काही दिवसांपूर्वी जुम्म्याच्या नमाजनंतर एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. उभे आयुष्य त्यांनी यंत्रमागावर काढले. राहते घर भाड्याचे. पण पै-पै साठवून जुळे सोलापुरात तीन गुंठ्यांचा एक भूखंड घेऊन ठेवलेला. म्हणाले, “मौलानासाहेब, ही सगळी जागा मुलांच्या मकतबसाठी द्यायची आहे. मी चार नमाजींसमोर तोंडाने बोललो की झाले ना? अल्लाह तर ऐकतोच आहे.”

मी म्हणालो, “चाचा, अल्लाह नक्कीच ऐकतो. पण उद्या तुमच्या नातवाने ते ऐकलेले नसेल, आणि त्या चार नमाजींपैकी एकही हयात नसेल.”

त्यांच्या प्रश्नामुळेच आजचा विषय सुचला. अल्लाहच्या मार्गात मालमत्ता देण्याची इच्छा आपल्या समाजात कमी नाही. अगदी हातावर पोट असलेली माणसेही ती बाळगून असतात. कमी पडते ती त्या देण्याची रीत. ती रीत नीट पाळली नाही, तर एका पिढीचा सदका पुढच्या पिढीच्या हाती भांडण होऊन येतो.

हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे एक उत्तम जमीन मिळाली. ते प्रेषितांकडे गेले आणि या जमिनीचे काय करावे असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी सुचविले की, मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न दान करावे. त्यानुसार ती जमीन विकली जाणार नाही, कोणास बक्षीस दिली जाणार नाही, वारसांत वाटली जाणार नाही, असे ठरले. उत्पन्न कोणासाठी, हेही ठरले: गोरगरीब, नातलग, गुलामांची मुक्ती, अल्लाहचा मार्ग, पाहुणे आणि वाटसरू. जो व्यवस्था पाहील त्याने रीतीप्रमाणे त्यातून खाल्ले तर दोष नाही. मात्र त्यातून स्वतःसाठी संपत्ती साठवू नये. ही हकीकत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आली आहे.

या एका प्रसंगात विश्वस्त व्यवस्थेची बहुतेक सारी तत्त्वे आली आहेत. देणारा कोण, वस्तू कोणती, हेतू काय, लाभार्थी कोण, व्यवस्थापक कोण आणि त्याच्या हक्काची मर्यादा काय. आपल्या देशाचा १८८२ चा विश्वस्त कायदा खासगी विश्वस्त व्यवस्थेसाठी आहे. वक्फ त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. तरीही विश्वस्त व्यवस्था वैध ठरण्यासाठी तो हेच मागतो: निःसंदिग्ध इरादा, हेतू, लाभार्थी आणि मालमत्ता.

‘वक्फ’ या शब्दाचा अर्थ थांबविणे, रोखून धरणे. मालकी थांबते, लाभ वाहत राहतो. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील त्या चक्कीवर दूरवरून नळाने आणलेल्या पाण्याच्या जोरावर यात्रेकरूंच्या अन्नासाठी धान्य दळले जाई. चक्की जागची हलत नव्हती. पीठ मात्र भुकेल्यांपर्यंत पोहोचत होते. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय आज त्याच आवारात आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मुसलमानाने केलेले प्रत्येक सार्वजनिक दान वक्फ असतेच असे नाही. अल्लाहच्या नावे मालमत्ता कायमची समर्पित केली तर तो वक्फ. तो मागे घेता येत नाही आणि त्यावर वक्फ कायदा लागू होतो. शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती अशा कार्यासाठी न्यासपत्र करून विश्वस्तांच्या हाती मालमत्ता सोपविली तर ती सार्वजनिक विश्वस्त संस्था. तिची नोंदणी १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. आपल्या राज्यातील वक्फ मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी हा भेद मान्य केला. म्हणून देण्यापूर्वीच स्वतःला विचारावे: मी वक्फ करतो आहे की विश्वस्त संस्था स्थापतो आहे? हे देणाऱ्याने स्पष्ट केले नाही, तर त्याच्या मागे ते न्यायालयाला ठरवावे लागते आणि त्यात वर्षे जातात.

आता चाचांच्या प्रश्नाकडे वळू. मी त्यांना प्रथम कागदाचे विचारले नाही, मुलींचे विचारले. दोन मुलगे, तीन मुली. त्यांपैकी एक विधवा होऊन माहेरी आलेली. तीन गुंठ्यांखेरीज मागे ठेवण्यासारखे काही नाही.

हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना आपली बहुतेक संपत्ती दान करू इच्छित होते. प्रेषितांनी त्यांना एकतृतीयांशावर थांबविले, आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणे बरे, हे त्यामागील कारणही समजाविले. म्हणून शरीअतचा नियम असा की, मृत्युपत्राने किंवा मरणांतिक आजारात केलेले दान वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशाच्या पुढे जात नाही, आणि कर्ज असल्यास आधी ते फेडावे लागते. धडधाकट माणूस आपल्या मालाचा मालक आहे. तो अधिकही देऊ शकतो. पण विधवा मुलीचा आधार काढून घेऊन बांधलेल्या मकतबमध्ये बरकत कोठून येणार? पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वारशात हिस्सा आहे, हे दिव्य कुरआनने सूरह निसामध्ये स्पष्ट केले आहे. कौटुंबिक वक्फाच्या आडून स्त्रियांचा वारसाहक्क डावलता येणार नाही, असे २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यातही आता लिहिले गेले आहे. हा आदेश तर आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून होताच.

त्यानंतर कागद. सूरह बकरामध्ये मुदतीच्या कर्जाचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची आज्ञा आहे. मग जी वस्तू कयामतपर्यंत राखावयाची, ती केवळ तोंडी कशी ठेवावी? हजरत उमर (रजि.) यांनीही आपल्या वक्फाचा लेख करून ठेवला होता. वक्फासाठी लेखी वक्फनामा २०२५ च्या दुरुस्तीने आवश्यक केला आहे. या दुरुस्तीतील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली आहे. म्हणून प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. सार्वजनिक विश्वस्त संस्था करावयाची असल्यास न्यासपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे आणि तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीचा अर्ज करावा. सोलापुरात सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. त्याआधी जागेची मालकी निर्वेध आहे ना, हे सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावरून पाहावे. गुंठेवारीची जागा असेल तर ती नियमित झाली आहे का, चतुःसीमा कोणत्या, हेही तपासावे. जे आपल्या निर्विवाद मालकीचे नाही, ते अल्लाहला अर्पण करता येत नाही.

चांगले उदाहरण शेजाऱ्याकडे असेल तर तेही डोळे उघडून पाहावे. आपल्याच सोलापुरात ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला. आरंभी तीस हजार रुपये दिले आणि १९४४ मध्ये आपली सुमारे दोन लाखांची सारी मालमत्ता रीतसर विश्वस्त करून संघाच्या स्वाधीन केली. त्यातून जीवराज जैन ग्रंथमाला चालली. कितीतरी प्राचीन ग्रंथ संपादित होऊन प्रसिद्ध झाले. दाता गेला, हेतू राहिला. कारण तो हेतू कागदावर होता आणि तो सांभाळणारे हातही नेमलेले होते.

आता त्या हातांविषयी. मुतवल्ली किंवा विश्वस्त हा मालक नव्हे, अमीन आहे. आपल्या मराठीतील ‘अनामत’ हा शब्द ‘अमानत’वरूनच आलेला आहे, आणि ‘ईमान’ व ‘अमानत’ ही अरबीत एकाच धातूची लेकरे आहेत. हिजरतच्या रात्री ज्या मक्कावासीयांनी प्रेषितांच्या हत्येचा कट केला, त्यांच्याच ठेवी प्रेषितांकडे होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. वैऱ्याची ठेव इतकी जपली, मग अल्लाहच्या घराची किती जपावी?

विश्वस्ताने चार गोष्टी गाठीशी बांधाव्यात. पहिली, दात्याची अट. जायज अट शरीअतच्या आदेशासारखीच पाळावी, असे फुकहांनी म्हटले आहे. मकतबसाठी दिलेली जागा शादीखान्यासाठी वापरता येत नाही. दुसरी, स्वार्थापासून अंतर. जकात गोळा करून आलेला एक कर्मचारी, ‘हे तुमचे, आणि हे मला भेट मिळाले’ असे म्हणू लागला, तेव्हा प्रेषितांनी मिंबरवरून विचारले की, तो आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला भेट मिळाली असती काय? मशिदीचा गाळा मेहुण्याला नाममात्र भाड्याने देणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा. तिसरी, हिशेब. ताळेबंद ३१ मार्चला करावा, लेखापरीक्षण करून घ्यावे, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा. चौथी, मालमत्तेचे रक्षण. वक्फाची विक्री कायद्याने मुळातच रद्दबातल आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानेही देता येत नाही.

मुतवल्ली म्हणजे पुरुषच, हीदेखील आपली समजूत आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या वक्फाची व्यवस्था कन्या उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपविली होती.

सोलापुरात विडी वळणारी भगिनी दिवसभर मान मोडून काम करते आणि चंद्याच्या पेटीत दहा रुपये टाकते. त्या दहा रुपयांचे काय झाले, हे विचारणे म्हणजे मशिदीच्या जबाबदारांवर आळ घेणे नव्हे. हिशेबाचा कागद सूचना फलकावर लावणे ही तिची अमानत तिला दाखविणे आहे. जो येथे हिशेब सहज देतो, त्याला हश्रच्या मैदानातला हिशेब सोपा जाईल, अशी आशा ठेवावी.

पुढच्या जुम्म्याला चाचा पुन्हा आले. पाचही मुलांना एकत्र बसवून बोलले होते. सरकारी मोजणी करून एक गुंठा वेगळा काढायचा आणि मकतबसाठी वक्फ करायचा. दोन गुंठे मुलाबाळांसाठी ठेवायचे. वकिलाकडे जायचा दिवसही ठरला होता. किंचित ओशाळून म्हणाले, “मौलानासाहेब, तीनाचे एक झाले. अल्लाह कमी तर मानणार नाही ना?”

मी म्हणालो, “चाचा, हजरत सअदना एकतृतीयांशही पुष्कळ आहे असे सांगितले गेले होते.”

हे अल्लाह, आमच्या दानात निष्ठा दे, आमच्या कागदांत सत्य दे आणि ज्यांच्या हाती तुझ्या अमानती आहेत त्यांच्या मनात तुझे भय दे. आमीन.